समुद्रपार संदेशवहन-सेवकांचे प्रशिक्षण

समुद्रपार संदेशवहन-सेवकांचे प्रशिक्षण : तारायंत्र, समुद्री केबल, बिनतारी संदेशवहन, दूरध्वनी व उपग्रह यांच्या सेवेत नव्याने दाखल झालेल्या कर्मचाऱ्यांना मायदेशाबाहेरील ठाण्यांवर धाडण्यापूर्वी देण्यात येणारे तांत्रिक, भाषिक व व्यावहारिक शिक्षण. भारतापुरता या विषयाचा इतिहास १८६० नंतरच्या दशकात सुरू होतो आणि त्याचा मोठा भाग जुन्या मुंबई इलाख्यात व मध्य प्रांतात घडलेला आहे. यंत्रे चालविण्याचे शिक्षण या सेवकांना सामान्यतः चांगले मिळत गेले. परक्या मुलखातील भाषा, हवामान व एकांतवास यांची पूर्वतयारी मात्र फार उशिरा होऊ लागली. त्याची किंमत कधी व्यापाऱ्यांनी, तर बहुतेक वेळा त्या सेवकांनीच मोजली.

समुद्रपारच्या तारेचा संबंध केवळ मुंबई-कराचीसारख्या बंदरांशीच होता, असे समजणे बरोबर नाही. वर्धा जिल्ह्यातील देवळी हे वर्ध्याच्या नैर्ऋत्येस सु. १८ किमी. अंतरावरील गाव एकोणिसाव्या शतकात कापसाची मोठी पेठ म्हणून प्रसिद्ध होते. तेथे १८६७ मध्ये नगरपालिका स्थापन झाली. अमेरिकन यादवी युद्धामुळे (१८६१–६५) लँकाशरच्या गिरण्यांना अमेरिकेचा कापूस मिळेनासा झाला आणि हिंगणघाट, देवळी, खामगाव इ. बाजारांतील कापसाला अभूतपूर्व भाव आला. त्यानंतरच्या काही वर्षांतच वर्धा खोऱ्यातील व वऱ्हाडातील भाव लिव्हरपूलच्या तारेवर वरखाली होऊ लागले. देवळीस रेल्वेगाडी पोहोचली ती २०२४ मध्ये. लिव्हरपूलच्या भावाचा परिणाम मात्र तेथील कास्तकाराला त्यापूर्वी सु. दीडशे वर्षे जाणवत होता. इराणच्या आखातातील एखाद्या ठाण्यावर बसलेल्या तारायंत्र-सेवकाने आकडा चुकीचा वाचल्यास त्याचा भुर्दंड कुठवर जाऊन पोहोचे, याची कल्पना यावरून यावी.

भारतात तारायंत्राचा पाया विल्यम ब्रुक ओशॉनेसी या कंपनी सरकारच्या डॉक्टराने घातला. कलकत्त्याजवळ १८३९ मध्ये त्याने केलेले प्रयोग, १८५१ मधील डायमंड हार्बरची तार आणि १८५५ मध्ये जनतेस खुली झालेली कलकत्ता–आग्रा–मुंबई–मद्रास ही तारांची शृंखला हे त्याचे कार्य सर्वज्ञात आहे. या कामासाठी लागणारी माणसे त्याने प्रथम इंग्लंडमध्ये, ईस्ट इंडिया कंपनीच्या वॉर्ली येथील छावणीत तयार करविली. म्हणजे भारतातील आरंभीच्या तारायंत्र-सेवकांपैकी काही हे स्वतःच समुद्रपार नेमणुकीसाठी शिकविलेले सेवक होते. ओशॉनेसीचे यंत्र त्याचे स्वतःचे, साधे व स्वस्त होते. परंतु १८५७ च्या सुमारास त्याऐवजी मोर्सचे यंत्र व मोर्सची संकेतावली स्वीकारण्यात आली आणि शिकलेल्या माणसांना पुन्हा शिकावे लागले. जुने हात नव्या यंत्राला लावण्याचा हा प्रश्न या सेवेत पुढे प्रत्येक पिढीत उद्‌भवला.

इराणचे आखात : १८५७ च्या उठावाची वार्ता लंडनला पोहोचण्यास कित्येक आठवडे लागले. त्यामुळे भारत व इंग्लंड तारेने जोडण्याची निकड ब्रिटिश सरकारला भासू लागली. तांबड्या समुद्रातून १८५९–६० मध्ये टाकलेली केबल लवकरच निकामी झाली. मग आखाताचा मार्ग निवडण्यात आला. कर्नल पॅट्रिक स्ट्यूअर्ट याच्या नेतृत्वाखाली आणि सर चार्ल्स ब्राइट या अभियंत्याच्या देखरेखीखाली १८६४ च्या प्रारंभी ग्वादर, मुसंदम, बूशहर व फाव अशी केबल टाकण्यात आली. केबल घेऊन इंग्लंडहून निघालेली जहाजे प्रथम मुंबई बंदरात आली होती. कराची ते ग्वादर मकरान किनाऱ्यावरून खुष्कीची तार उभारण्यात आली. तीसाठी तेथील टोळीप्रमुखांशी करार करण्याचे काम फ्रेडरिक गोल्डस्मिड याने केले. स्ट्यूअर्ट १८६५ च्या जानेवारीत कॉन्स्टँटिनोपल येथे आजाराने मरण पावला. त्याच सुमारास फाव ते बगदाद हा तुर्की टप्पा पूर्ण झाला व मार्च १८६५ पासून भारत-युरोप तारसेवा सर्वांना खुली झाली. वीस शब्दांच्या तारेस पाच पौंड पडत. हा दर पाहता तारेतील प्रत्येक शब्दाला किती मोल होते, हे निराळे सांगण्याची गरज नाही.

या मार्गासाठी ‘इंडो-यूरोपियन टेलिग्राफ डिपार्टमेंट’ हे स्वतंत्र खाते निर्माण करण्यात आले. त्याचे भारताकडील मुख्य ठाणे कराची हे होते व कराची त्या वेळी (१९३६ पर्यंत) मुंबई इलाख्यात मोडत असे. ठाण्यांवरील सेवकवर्ग मुख्यतः यूरोपीय व यूरेशियन होता. खलाशी, सुतार, नोकर व पहारेकरी या कामांवर भारतीय व स्थानिक लोक असत. उमेदवाराच्या तांत्रिक शिक्षणात तीन गोष्टी मुख्य होत्या : मोर्स संकेत पाठविणे व घेणे, विद्युत् घटमालांची निगा राखणे आणि केबलची चाचणी घेणे. यांतील तिसरी गोष्ट सर्वांत अवघड. केबल समुद्रात कोठे तुटली वा कोठे तिचे गटापर्चाचे विद्युत् निरोधक आवरण भेदले गेले, हे दोन्ही टोकांकडून रोध मोजून गणिताने काढावे लागे. त्या उत्तरावर दुरुस्तीचे जहाज कोठे न्यावयाचे ते ठरत असे. गणित चुकले म्हणजे जहाजाचे दिवसच्या दिवस वाया जात.

केबलवरील संदेश वाचणे हेही खुष्कीच्या तारेहून वेगळे कसब होते. लांब केबल विद्युत् भार साठवून ठेवते; परिणामी एका टोकाला दिलेला स्पष्ट आघात दुसऱ्या टोकाला क्षीण व पसरट होऊन पोहोचतो. अशा क्षीण प्रवाहासाठी विल्यम टॉमसन (नंतर लॉर्ड केल्व्हिन) याने आरसा-गॅल्व्हानोमापक तयार केला. त्यातील इवलासा आरसा प्रवाहाच्या दिशेप्रमाणे वळे व त्यावरून परावर्तित झालेला प्रकाशाचा ठिपका पट्टीवर डावीकडे किंवा उजवीकडे सरके. एक बाजू म्हणजे बिंदू व दुसरी बाजू म्हणजे रेघ. अंधाऱ्या खोलीत हा ठिपका तासन्‌तास निरखीत एकाने अक्षरे उच्चारावयाची व दुसऱ्याने ती लिहावयाची, असा क्रम असे. टॉमसननेच १८६७ मध्ये शोधलेल्या वक्रनलिका-लेखकामुळे शाईची नागमोडी रेषा कागदी पट्टीवर उमटू लागली आणि डोळ्यांवरील ताण काहीसा हलका झाला; तथापि ती रेषा वाचण्यासही महिनोन्‌महिन्यांचा सराव लागे.

एवढे शिक्षण झालेला तरुण मुसंदमला उतरला, की त्याच्या अडचणींना प्रारंभ होई. ओमानच्या उत्तर टोकाला उंच, ओसाड डोंगरांनी वेढलेल्या एका खाडीतील लहानशा खडकाळ बेटावर हे ठाणे होते. या खाडीला मुंबईचा गव्हर्नर मौंट स्ट्यूअर्ट एल्‌फिन्स्टनचे नाव देण्यात आले होते. महाराष्ट्रीय वाचकास परिचित असलेले हे नाव इतक्या निर्जन स्थळी आढळावे, हे काहीसे विलक्षणच. भोवतालचे डोंगर उन्हाळ्यात भट्टीसारखे तापत, वाऱ्याला वाट नसे आणि पुढील जहाज येईपर्यंत भेटीला दुसरे कोणी नसे. बेट निवडले होते ते मुख्य भूमीवरील टोळ्यांच्या भीतीने. त्या टोळ्यांची भाषा व रीतिरिवाज जाणणारा सेवक ठाण्यावर असता, तर अशा कोंडवाड्याची कितपत गरज पडली असती, हा प्रश्न विचारण्यासारखा आहे. चार-पाच वर्षांतच ठाणे सोडून देऊन केबल जास्क व हेंजामकडे वळविण्यात आली. बेटावरील इमारतींचे अवशेष पुढेही टिकून राहिले आणि बेटाला ‘टेलिग्राफ आयलंड’ हे नाव चिकटले ते कायमचे.

भाषेच्या अज्ञानाचा सर्वांत मोठा फटका तुर्की टप्प्यावर बसला. फाव किंवा बगदादपासून कॉन्स्टँटिनोपलपर्यंत तारा तुर्की अधिकाऱ्यांच्या हाती होत्या व त्यांच्या तारायंत्र-सेवकांपैकी अनेकांना इंग्रजी येत नव्हते. अर्थ न समजता केवळ अक्षरामागून अक्षर उतरवून पुढे पाठविलेला संदेश प्रत्येक ठाण्यावर थोडाथोडा बिघडत जाई. मुंबईच्या व कलकत्त्याच्या व्यापाऱ्यांकडे तारा कित्येकदा अनेक दिवसांच्या विलंबाने, आणि आल्या तरी अर्थ लागू नये अशा स्वरूपात पोहोचत. त्यांच्या तक्रारींमुळे ब्रिटिश संसदेने १८६६ मध्ये पूर्वेकडील दळणवळणाच्या चौकशीसाठी निवड समिती नेमली. यातील दोष तुर्की सेवकांचा म्हणता येणार नाही. ज्यांनी त्यांच्या देशातून आपली तार नेली, त्यांनी तिच्यावर काम करणाऱ्यांच्या भाषाशिक्षणाची पुरेशी तरतूद केली नव्हती. जर्मनीतील झीमेन्स बंधूंनी लंडन–तेहरान अशी जी तार १८७० मध्ये सुरू केली, तिच्या यशाचे एक कारण तांत्रिक असले, तरी सर्व मार्ग एकाच व्यवस्थेखाली व इंग्रजी जाणणाऱ्या सेवकांकडे होता, हे दुसरे कारण तितकेच महत्त्वाचे आहे. पुढे सांकेतिक शब्दांच्या व्यापारी संहिता प्रचारात आल्या. त्यांतील शब्दांना इंग्रजी जाणणाऱ्यालाही अर्थ लागत नसे. त्यामुळे अर्थाच्या आधाराने चूक ओळखण्याची सोय गेली व अचूक अक्षरवाचनाला पुन्हा प्राधान्य आले.

१८७० मध्येच ‘ग्रेट ईस्टर्न’ या प्रचंड जहाजाने मुंबई ते एडन केबल टाकली व सुएझमार्गे इंग्लंडशी सरळ संबंध जोडला गेला. ही केबल जॉन पेंडर याच्या कंपन्यांची होती. १८७२ मध्ये त्या ‘ईस्टर्न टेलिग्राफ कंपनी’त एकवटल्या. इंग्लंडच्या कॉर्नवॉल किनाऱ्यावरील पोर्थकर्नो या आपल्या ठाण्यात नव्या उमेदवारांना शिकवून जगभर पाठविण्याची पद्धत या कंपनीने रूढ केली. सरकारी आखाती खाते १९३१ पर्यंत चालू राहिले.

सैनिकी संदेश दल : भारतीय माणूस फार मोठ्या संख्येने संदेशवाहक म्हणून परदेशी गेला तो पहिल्या महायुद्धात. भारतीय सेनेच्या पहिल्या दोन संदेश कंपन्या, ३१ वी व ३२ वी, १५ फेब्रुवारी १९११ रोजी फतेहगढ येथे उभारण्यात आल्या व पुढे आणखी कंपन्यांची भर पडली. तोपर्यंत हे काम सॅपर्स अँड मायनर्स या अभियांत्रिकी दलांकडे असे; त्यांपैकी मुंबई दलाचे केंद्र खडकीस होते. नव्या शिपायास ध्वज, सूर्यप्रकाशाचे आरसायंत्र (हेलिओग्राफ), दिवा, तार व दूरध्वनी ही सर्व साधने शिकावी लागत. त्यापूर्वी त्याला रोमन लिपी शिकविली जाई, कारण सेनेतील शिक्षणाचे माध्यम रोमन लिपीतील उर्दू हे होते आणि मोर्सची संकेतावलीही रोमन अक्षरांसाठीच बनलेली होती. मराठी मुलखातील शेतकऱ्याचा मुलगा असल्यास त्याला लिपी, भाषा व यंत्र अशा तीन नव्या गोष्टी एकाच वेळी शिकाव्या लागत.

सहाव्या (पुणे) डिव्हिजनबरोबर ३४ वी संदेश कंपनी १९१४ मध्ये मेसोपोटेमियात उतरली. याच डिव्हिजनमध्ये १०३, ११० व ११७ या मराठा पलटणी होत्या. तेथील सपाट मैदानात ध्वज व आरसायंत्रे वापरण्यास उंचवटे नव्हते आणि दिवसा मृगजळामुळे समोरची आकृती डोळ्यांसमोर विरघळून जाई. सह्याद्रीच्या परिसरात शिकलेले दृश्य संदेशवहन त्यामुळे कित्येकदा लंगडे पडले. पुराच्या पाण्यात व चिखलात तारा टाकण्याचाही सराव कोणाला नव्हता. डिसेंबर १९१५ पासून कुत-अल्‌-अमारा येथे ही डिव्हिजन वेढली गेली. वेढ्याच्या पाच महिन्यांत बाहेरील सैन्याशी तिचा संबंध मुख्यतः बिनतारी यंत्रामुळे टिकून राहिला. अन्न संपल्यावर २९ एप्रिल १९१६ रोजी शरणागती पतकरावी लागली. कैद झालेल्या सु. तेरा हजार लोकांत बहुसंख्य भारतीय होते. त्यांपैकी अनेकांना वाळवंटातून पायी चालविण्यात आले व अनेकांना रास-अल्‌-ऐन परिसरातील रेल्वेच्या कामाला जुंपले गेले. त्यांतील फार मोठा हिस्सा परत आला नाही. युद्धकैदी झाल्यास कसे वागावे, याचे शिक्षण तर त्या काळी कोणत्याच सैन्यात दिले जात नव्हते.

युद्धानंतर संदेश दलाचे प्रशिक्षण केंद्र जबलपूरला आले. जबलपूर त्या वेळी मध्य प्रांतात होते आणि वर्धा जिल्हाही त्याच प्रांतात. त्यामुळे देवळी-पुलगावकडील उमेदवाराला हे शिक्षण आपल्याच प्रांतात मिळण्यासारखे होते. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत विदर्भ मुंबई राज्यात आला आणि जबलपूर मध्य प्रदेशात राहिले. दुसऱ्या महायुद्धात उत्तर आफ्रिका, इटली, इराक व ब्रह्मदेश या रणक्षेत्रांसाठी संदेशवाहकांची प्रचंड गरज निर्माण झाली. जबलपूरचे नागरी दूरसंचार प्रशिक्षण केंद्रही १९४२ चे. युद्धानंतर, १९४६ पासून, संदेश दलाच्या उच्च तांत्रिक शिक्षणाची सोय होळकर संस्थानातील महू येथे झाली. या संस्थेचे रूपांतर १९६७ मध्ये ‘मिलिटरी कॉलेज ऑफ टेलिकम्युनिकेशन एंजिनिअरिंग’मध्ये झाले.

खडकी, दौंड व आर्वी : नागरी क्षेत्रात दरम्यान मोठे स्थित्यंतर घडले. लघुतरंगांचा झोत एका विशिष्ट दिशेला सोडणारी मार्कोनीची ‘बीम’ पद्धत २३ जुलै १९२७ पासून भारत व इंग्लंड यांच्या दरम्यान सुरू झाली. प्रेषण केंद्र खडकीस व ग्रहण केंद्र दौंडला होते. प्रेषकाचा प्रबळ तरंग ग्राहीला बधिर करू नये, म्हणून दोहोंत अंतर राखणे आवश्यक होते. बिनतारी व केबल या प्रतिस्पर्धी सेवा १९३२ मध्ये ‘इंडियन रेडिओ अँड केबल कम्युनिकेशन्स’ या एका कंपनीखाली आल्या व १ मे १९३३ रोजी मुंबई–लंडन रेडिओ-दूरध्वनी सुरू झाला. १ जानेवारी १९४७ रोजी सरकारने ही कंपनी ताब्यात घेऊन समुद्रपार संदेशवहन सेवा हे स्वतंत्र खाते स्थापन केले. त्याचे मुख्यालय मुंबईत होते. १ एप्रिल १९८६ रोजी त्याचे ‘विदेश संचार निगम’ झाले आणि २००२ मध्ये निगमाची सूत्रे टाटा समूहाकडे गेली.

उपग्रहयुगात प्रवाहाची दिशा काही अंशी उलटली. अहमदाबाद येथे संयुक्त राष्ट्रांच्या साहाय्याने १९६७ मध्ये उभारलेल्या प्रायोगिक उपग्रह संदेशवहन केंद्रात भारतीय अभियंत्यांप्रमाणेच इतर विकसनशील देशांतील अभियंतेही शिकले. परदेशी जाण्यासाठी इंग्लंडमध्ये शिकावयाचे, ही जुनी रीत येथे मोडली. अहमदाबादच्या अनुभवावर पुणे जिल्ह्यातील जुन्नर तालुक्यात आर्वी येथे १९७१ मध्ये भारताचे पहिले व्यापारी उपग्रह भू-केंद्र भारतीय तंत्रज्ञांनी उभे केले. (वर्धा जिल्ह्यातील आर्वी हे तालुक्याचे गाव निराळे, दोहोंत नेहमी गल्लत होते.) १९७८ मध्ये स्थापन झालेल्या ‘टेलिकम्युनिकेशन्स कन्सल्टंट्स इंडिया’ या सरकारी कंपनीने कुवेत, सौदी अरेबिया इ. देशांत दूरध्वनीची कामे घेतली आणि शंभर वर्षांपूर्वी ज्या आखाती किनाऱ्यावर इंग्रज सार्जंट तारा सांभाळीत, तेथे भारतीय तंत्रज्ञ केबल टाकू लागले.

शांतिसेनेतील अनुभव : भाषा व वर्तन यांची तयारी हाही प्रशिक्षणाचा भाग आहे, ही जाणीव स्वातंत्र्योत्तर काळातील शांतिकार्यांनी करून दिली. कोरियातील युद्धबंदीनंतर १९५३–५४ मध्ये मायदेशी परतण्यास नकार देणाऱ्या सु. बावीस हजार युद्धकैद्यांची राखण भारतीय दलाकडे आली. त्याचे सेनानी मेजर जनरल शंकरराव थोरात हे कोल्हापूरकडचे. दक्षिण कोरियाच्या सरकारने भारतीय सैनिकांना आपल्या भूमीवर पाऊल ठेवू देण्यास विरोध केला, म्हणून त्यांना जहाजांवरून हेलिकॉप्टरने निर्लष्करी पट्ट्यात उतरवावे लागले. कैद्यांच्या भाषा चिनी व कोरियन. पहारेकऱ्यांना त्यांपैकी एकही येत नव्हती आणि प्रत्येक शब्द दुभाष्यांवर अवलंबून होता. अशा स्थितीत गोळीबार टाळून कैद्यांच्या घोळक्यात स्वतः जाऊन बोलणी करण्याचे प्रसंग थोरातांवर आले. इंडोचायनातील १९५४ च्या आंतरराष्ट्रीय नियंत्रण आयोगांची संदेशवहन व्यवस्थाही भारतीय संदेश दलाने सांभाळली. व्हिएटनाम, लाओस व कंबोडिया या तीन देशांत विखुरलेल्या निरीक्षण पथकांचा परस्परसंबंध राखणे, कोणत्याही पक्षाला संशय येऊ न देणे आणि स्थानिक राजकारणाविषयी मौन बाळगणे, या तिन्ही गोष्टी एकाच शिपायाकडून अपेक्षित होत्या. गाझा (१९५६–६७) व काँगो (१९६०–६४) येथील तुकड्यांनाही हेच अनुभव आले.

या अनुभवांना पद्धतशीर शिक्षणाचे रूप येण्यास मात्र बराच काळ लागला. संयुक्त राष्ट्र शांतिरक्षण केंद्र नवी दिल्लीत २००० मध्ये सुरू झाले. तेथे परदेशी जाणाऱ्या अधिकाऱ्यांना यजमान देशाचा इतिहास व समाज, आंतरराष्ट्रीय कायदा, नागरिकांचे संरक्षण व वाटाघाटीची पद्धत हे विषय शिकविले जातात. संदेश दलाच्या जवानाचे यंत्रविषयक शिक्षण त्यापूर्वीच पूर्ण झालेले असते.